शेतातून उडणारा अमोनिया: मीटर नसताना आकडा येतो कुठून?

हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत आता धूर आणि धूळ यांच्या जोडीला अमोनियाचंही नाव येऊ लागलं आहे. अमुक देशाच्या शेतीतून वर्षाला इतके लाख टन अमोनिया सुटतो, त्यातला इतका वाटा रासायनिक खतांचा, असे आकडे छापून येतात. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. शेताला ना धुराडं, ना मीटर. कधी उग्र वास आला तर आला, एरवी डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग हे टन मोजले कुणी?

सरळ उत्तर असं, की ते कुणी मोजलेले नाहीत, हिशोबाने काढलेले आहेत. त्या हिशोबामागे अनेक दशकांचे शेतप्रयोग आहेत, त्यामुळे तो मनाला येईल तसा मांडलेला नसतो. पण तो कसा बांधला आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं. कोणता उपाय कागदावर दिसेल आणि कोणता कितीही चांगला असला तरी दिसणारच नाही, हेसुद्धा त्यावरच ठरतं. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. तिथे पोचण्याआधी थोडं मुळापासून पाहू.

## खतातलं नत्र हवेत जातं कसं

पिकाला नत्र लागतं, म्हणजे नायट्रोजन. खताच्या गोणीतून ते मुख्यतः तीन रूपांत येतं: युरिया, अमोनियम आणि नायट्रेट. नायट्रेटमधून थेट अमोनिया सुटत नाही. ते पाण्याबरोबर खाली झिरपतं, पण तो वेगळा विषय. इथे प्रश्न आहे तो अमोनियमचा आणि अमोनियम तयार करणाऱ्या युरियाचा.

अमोनियम पाण्यात विरघळून राहतं आणि मातीच्या कणांना धरून बसतं. अमोनिया मात्र वायू आहे, वाट मिळाली की तो निघून जातो. ओल्या मातीत ही दोन रूपं सतत एकमेकांत बदलत असतात. कुणाचा वाटा किती, हे ठरवतो सामू, म्हणजे माती किंवा पाणी किती आम्ल आणि किती विम्ल आहे हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्ल आणि वर विम्ल. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल तर या जोडीत अमोनियाचा वाटा एक टक्कासुद्धा नसतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो, आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्या वर. एवढ्याशा फरकाने केवढी उडी पडते ते लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब याच उडीभोवती फिरतो.

आता युरियाचा एकच दाणा जवळून पाहा. दोन-चार मिलिमीटरचा पांढरा दाणा ओलसर जमिनीवर पडला आहे. पहाटेचं दवही त्याला विरघळायला पुरतं. काही तासांत दाणा दिसेनासा होतो, पण त्यातलं नत्र अजून मातीच्या अगदी वरच्या थरातच असतं. मातीत, आणि पिकाच्या कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात तर जास्तच, युरिएज नावाचं विकर असतं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारं प्रथिन. जेम्स समनर यांनी १९२६ साली पहिल्यांदा एखादं विकर स्फटिकाच्या रूपात वेगळं केलं ते हेच युरिएज, आणि पुढे १९४६ मध्ये त्या कामासाठी त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे विकर युरिया फोडून त्याचं अमोनियम करतं. ही क्रिया होताना आजूबाजूचं आम्ल खर्ची पडतं, त्यामुळे दाणा जिथे विरघळला तेवढ्या चिमुकल्या जागेत सामू ९ च्या घरात जाऊ शकतो, भले सगळ्या शेताचा सामू ७ असो. म्हणजे युरिया आपल्या उडून जाण्याची सोय स्वतःच करतो. यातलं बहुतेक नुकसान खत टाकल्यापासूनच्या पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत होऊन जातं.

इथून पुढचं सगळं दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यासारखं चालतं. ऊन असेल, वारा असेल आणि कपडा पसरून टाकलेला असेल तर तो भराभर वाळतो. तोच कपडा घडी करून झाकून ठेवला तर ओलाच राहतो. जमिनीवर फोकून दिलेलं खत म्हणजे पसरलेला कपडा. तापमान साधारण पाच अंशांनी वाढलं की ओल्या पृष्ठभागातून अमोनियाची बाहेर पडण्याची ओढ जवळजवळ दुप्पट होते. वारा वर आलेला वायू वाहून नेतो आणि मागच्याला जागा करून देतो. खत चार-पाच सेंटिमीटर मातीआड गेलं, तर निघालेला अमोनिया वाटेतच मातीच्या कणांवर अडकतो.

पावसाचं गणित मात्र फसवं आहे. १० ते १५ मिलिमीटर चांगला पाऊस झाला किंवा तेवढं पाणी दिलं, तर युरिया फुटण्याआधीच खाली उतरतो आणि वाचतो. पण नुसती भुरभुर झाली तर दाणा विरघळतो आणि वरच राहतो. अमोनिया उडायला याहून चांगली परिस्थिती शोधून सापडायची नाही.

भाताच्या पाणी साचलेल्या खाचरात आणखी वेगळा प्रकार घडतो. साचलेल्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू ९ च्या वर जाऊ शकतो आणि रात्री पुन्हा उतरतो. त्याच खाचरात सकाळी घेतलेलं मोजमाप आणि भर दुपारी घेतलेलं मोजमाप यांत म्हणूनच मोठी तफावत येते.

## गोणीवरच्या नावाने पडणारा फरक

युरियात नत्र ४६ टक्के असतं आणि ते जवळजवळ सगळंच वर सांगितल्याप्रमाणे सामू वाढवत अमोनियम बनतं, म्हणून बहुतेक ठिकाणच्या हिशोबात युरिया सर्वांत वर असतो. अमोनियम नायट्रेटमध्ये निम्मं नत्र नायट्रेटच्या रूपात असतं आणि उरलेलं अमोनियम सामू वाढवत नाही, त्यामुळे तिथे नुकसान बरंच कमी. डायअमोनियम फॉस्फेट विरघळताना दाण्याभोवतीचा सामू ८ च्या आसपास नेतं. त्याचंच भावंड असलेलं मोनोअमोनियम फॉस्फेट मात्र चांगलंच आम्ल असतं, म्हणून त्यातून अमोनिया कमी उडतो.

अमोनियम सल्फेटचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. आम्ल किंवा उदासीन जमिनीत ते बऱ्यापैकी सुरक्षित असतं. चुनखडीच्या जमिनीत मात्र त्यातलं सल्फेट चुनखडीतल्या कॅल्शियमशी बांधलं जाऊन जिप्सम बनतं आणि मागे राहतं अमोनियम कार्बोनेट, जे सहज फुटून अमोनिया सोडतं. खत तेच आणि मात्राही तीच, पण जमीन बदलल्यावर नुकसान जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. ‘अमुक खतातून इतके टक्के अमोनिया उडतो’ हे वाक्य म्हणूनच कायम अपुरं असतं. कुठल्या जमिनीत आणि कुठल्या हवामानात, हे त्याच्यापुढे यायलाच हवं.

## हिशोबाचा गाभा

अंदाज काढण्याची मूळ रीत अगदी साधी आहे. किती नत्र वापरलं, गुणिले त्यातला किती भाग अमोनिया होऊन जातो. या दुसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. पुढे नुसतं गुणांक म्हणू.

एक उदाहरण करून पाहू. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत युरियासाठी सर्वसाधारण गुणांक ०.१५ दिला आहे. वायुरूपात जाणारं नत्र असा त्याचा अर्थ, आणि त्यात बहुतांश अमोनियाच असतो. ४६ गुणिले ०.१५ म्हणजे ६.९ किलो नत्र हवेत गेलं. ते अमोनियाच्या वजनात सांगायचं तर १७ ने गुणून १४ ने भागायचं, कारण अमोनियाच्या प्रत्येक १७ भार वजनात नत्राचे १४ भार असतात. उत्तर येतं सुमारे ८.४ किलो.

या छोट्याशा गणितात दोन खड्डे आहेत आणि त्यांत अनेकजण पडतात. पहिला खड्डा खताचं वजन आणि नत्राचं वजन यांतल्या घोटाळ्याचा. दुसरा नत्राचं वजन आणि अमोनियाचं वजन यांतल्या घोटाळ्याचा. एका अहवालात ‘अमोनियातलं नत्र’ १०० टन लिहिलेलं असतं, दुसऱ्यात ‘अमोनिया’ १२१ टन. दोन्ही एकच आहेत, तरी बातमीत ‘उत्सर्जन २१ टक्क्यांनी वाढलं’ असं छापून यायला काहीच अडचण नसते. म्हणून आकडा वाचताना आधी एकक पाहावं.

वापराचा आकडाही दिसतो तेवढा पक्का नसतो. तो बहुतेकदा विक्रीच्या नोंदींवरून येतो. या हंगामात विकलेली गोणी पुढच्या हंगामापर्यंत गोदामात पडून राहू शकते. शिवाय युरियाचा काही भाग शेतात जातच नाही. प्लायवूडचा चिकटवणारा राळ, पशुखाद्य आणि डिझेल गाड्यांच्या धुरावर प्रक्रिया करणारं द्रावण यांतही तो लागतो. हा भाग वजा केला नाही तर शेतीच्या माथी नसलेलं उत्सर्जन मारलं जातं.

तरीही वापराचा आकडा थोडाफार इकडेतिकडे असतो, एवढंच. खरी ओढाताण होते ती गुणांकावर. त्याच मार्गदर्शिकेत युरियाच्या ०.१५ पुढे अनिश्चिततेची मर्यादा दिली आहे ०.०३ ते ०.४३. म्हणजे शंभर किलो नत्रातलं कुठे तीन किलो जाईल, तर कुठे त्रेचाळीस.

## गुणांक येतो कुठून

कुणीतरी कधीतरी शेतात जाऊन मोजलेलं असतं, तिथून. या मोजण्याच्या पद्धतींवर थोडं थांबायला हवं, कारण आकड्यातली अनिश्चितता तिथेच जन्माला येते.

सर्वांत सोपी पद्धत झाकणाची. खत टाकलेल्या मातीवर प्लास्टिकचा घुमट उलटा ठेवतात, पंपाने त्यातली हवा ओढून सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीतून नेतात. अमोनिया आम्लात अडकतो आणि नंतर प्रयोगशाळेत त्याचं प्रमाण काढतात. हे स्वस्तात होतं आणि एकाच वेळी दहा-वीस खतांची तुलना करता येते. अडचण अशी की घुमट ठेवला की आतला वारा, ऊन, दव, पाऊस सगळंच बदलतं. कपडा किती वेगाने वाळतो हे पाहायला त्यावर टोपलं घालावं, तसं होतं. म्हणून ही पद्धत ‘या खतापेक्षा ते खत किती बरं’ हे चांगलं सांगते, पण ‘उघड्या शेतातून किती गेलं’ हे सांगताना तिच्यावर जपून विसंबावं लागतं.

दुसऱ्या पद्धतीत शेतावर काहीच झाकत नाहीत. मोठ्या गोल तुकड्यात खत टाकून मधोमध खांब उभा करतात, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर अमोनिया टिपणाऱ्या नळ्या आणि वारा मोजणारी यंत्रं लावतात. कडेपासून खांबापर्यंत आलेल्या वाऱ्याने वाटेत किती अमोनिया गोळा केला, यावरून जमिनीतून किती सुटला ते निघतं. ही पद्धत खऱ्या परिस्थितीच्या जवळ जाते, पण तिला जागा, मनुष्यबळ आणि आठवडाभर जागता पहारा लागतो. छोटे वाफे शेजारीशेजारी असले तर एका वाफ्यातला अमोनिया वाऱ्याने शेजारच्या बिनखताच्या वाफ्यात जातो आणि तुलनाच बिघडते.

लेझरवर चालणारी वेगवान यंत्रंही आता आहेत, पण अमोनिया अत्यंत चिकट वायू आहे. तो यंत्राकडे जाणाऱ्या नळीच्या आतल्या भिंतीलाच चिकटतो आणि नंतर सावकाश सुटतो, त्यामुळे आताचा अमोनिया कोणता आणि मघाचा कोणता हे वेगळं करणं अवघड होतं. चौथा मार्ग खुणेच्या नत्राचा. नेहमीपेक्षा किंचित जड असलेलं नत्र घातलेलं खत वापरायचं, हंगामाच्या शेवटी पिकात आणि मातीत ते किती सापडतं ते पाहायचं आणि जे सापडत नाही ते गेलं असं मानायचं. पण गेलेलं सगळंच अमोनिया म्हणून गेलं की दुसऱ्या रूपांत, हे त्यातून कळत नाही.

अशी मोजमापं एकत्र करून गुणांक ठरतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या आढाव्यात सुमारे दीडशे शोधनिबंधांतली मोजमापं घेऊन अंदाज काढला होता, की जगभर वापरलेल्या रासायनिक खतांतलं सरासरी १४ टक्के नत्र अमोनिया होऊन जातं. सरासरी म्हणून हा आकडा आजही उपयोगी आहे. अडचण अशी, की मोजमापं जिथे झाली तिथल्याच परिस्थितीचं ती प्रतिनिधित्व करतात. थंड हवेतल्या गवताळ जमिनींवर भरपूर प्रयोग झाले, उष्ण आणि कोरडवाहू भागांत त्या मानाने थोडेच. अमोनिया उष्ण हवेत जास्त उडतो हे पाहिलं की ही उणीव किती मोठी आहे ते ध्यानात येतं.

## मग सरळ उपग्रहानेच का मोजत नाहीत?

ही शंका रास्त आहे, कारण उपग्रहांना अमोनिया खरोखरच दिसतो. २००६ पासून सोडलेल्या युरोपच्या मेटऑप उपग्रहांवर आयएएसआय नावाचं उपकरण आहे, ते अवरक्त किरणांतून हवेतला अमोनिया ओळखतं. त्यावरून काढलेला जगाचा अमोनियाचा नकाशा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये तर या उपकरणाच्या अनेक वर्षांच्या नोंदींमधून दोनशेहून अधिक ठळक स्रोत दाखवण्यात आले, मोठे पशुपालन गट आणि खतांचे कारखाने त्यांत होते. त्यातले कितीतरी सरकारी हिशोबांत नोंदलेलेच नव्हते किंवा फार कमी नोंदलेले होते. कागदी हिशोबाची एवढी कसून उलटतपासणी आधी झालीच नव्हती.

पण उपग्रहाला दिसतो तो हवेत त्या क्षणी असलेला अमोनिया, जमिनीतून सुटलेला नव्हे. हे दोन आकडे वेगळे. अमोनिया हवेत फार वेळ टिकत नाही. काही तासांत, फार तर दिवसभरात तो जमिनीवर उतरतो किंवा हवेतल्या आम्लांशी जोडला जाऊन बारीक कण बनतो. उत्तर चीनच्या मैदानात २००८ नंतर अमोनिया वाढल्याचं उपग्रहांनी दाखवलं. अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा त्याचं मोठं कारण असं निघालं, की त्याच काळात तिथल्या कोळशाच्या धुरातला गंधक झपाट्याने कमी झाला होता. अमोनियाला जोडून घ्यायला आम्लच कमी उरलं, म्हणून तो वायुरूपातच जास्त काळ हवेत राहिला. नुसता उपग्रहाचा आकडा पाहून कुणी ‘खतांचा वापर बेसुमार वाढला’ असं म्हटलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं.

शिवाय ढग आले की उपकरणाला खालचं दिसत नाही, आणि दिवसातल्या ठरावीक वेळीच ते वरून जातं. म्हणून आज चांगले अभ्यास दोन्ही बाजूंनी चालतात. खालून गुणांकांचा हिशोब, वरून उपग्रहाची नोंद आणि मध्ये वाऱ्याचं व रसायनशास्त्राचं संगणकी प्रारूप. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे जाऊन शोध घ्यायचा.

## हिशोबाच्या तीन पायऱ्या

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांमध्ये अंदाजाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत.

पहिल्या पायरीवर देशभरातलं एकूण नत्र एकाच गुणांकाने गुणतात. आयपीसीसीचा असा एकत्र गुणांक २००६ मध्ये ०.१० होता, २०१९ मध्ये तो ०.११ झाला. दुसऱ्या पायरीवर खताचा प्रकार, हवामान आणि जमिनीचा सामू यांनुसार गुणांक बदलतात. ईएमईपी, म्हणजे युरोपातल्या हवाप्रदूषणावर देखरेख ठेवणारा कार्यक्रम, आणि युरोपीय पर्यावरण संस्था यांच्या युरोपात वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत असे तक्ते आहेत. त्यांत युरियासाठी दर किलो नत्रामागे साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम अमोनिया धरलेला असतो, तर अमोनियम नायट्रेटसाठी त्याच्या कितीतरी कमी. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष हवामान, माती, पीक आणि खत टाकण्याची तारीख घेऊन संगणकी प्रारूप चालवतात.

वर म्हटलेली महत्त्वाची गोष्ट आता येते. समजा एका देशातल्या लाखो शेतकऱ्यांनी युरिया फोकून द्यायचं सोडलं आणि पेरून मातीआड करायला सुरुवात केली. हवेत जाणारा अमोनिया खरोखर घटला. पण तो देश पहिल्या पायरीवरच असेल तर त्याच्या अहवालात काय दिसेल? काहीच नाही. एकूण नत्र तेवढंच, गुणांक तोच, उत्तरही तेच. त्या हिशोबात उत्सर्जन कमी करण्याचा एकच मार्ग दिसतो, तो म्हणजे खतच कमी वापरणं. दुसऱ्या पायरीवर आल्यावर ‘युरियाऐवजी दुसरं खत’ हाही मार्ग दिसू लागतो. मातीआड करणं, पाणी देण्याची वेळ साधणं, युरिएजला रोखणारी द्रव्यं वापरणं, हे मार्ग तेव्हाच दिसतात जेव्हा हिशोबात त्यांच्यासाठी रकाना असतो आणि तो भरायला खरी माहिती असते.

हिशोबाचा साचा धोरणाची दिशा ठरवतो, असं मी म्हणतो ते या अर्थाने. खत कमी करा असं सांगितलं की शेतकऱ्याला उत्पन्न घटण्याची भीती वाटते, आणि ती अनाठायी नसते. उलट उडणारं नत्र वाचवा म्हटलं तर त्यात त्याचाच फायदा आहे. १५ टक्के नुकसान म्हणजे साधारण दर सात गोण्यांतली एक गोणी हवेत. युरिएजला रोखणारं एनबीपीटी नावाचं द्रव्य अनेक प्रयोगांत युरियाचं हे नुकसान निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी करताना दिसलं आहे. अशा उपायांचं श्रेय कागदावर मिळत नसेल तर त्यांच्यासाठी पैसा आणि आग्रह दोन्ही कमी पडतात.

## इतकी अनिश्चितता असेल तर आकड्याला अर्थ काय?

अर्थ आहे, पण कोणत्या प्रश्नाला तो आकडा उत्तर देतोय ते पाहावं लागतं.

‘माझ्या शेतातून या हंगामात किती अमोनिया गेला?’ याचं उत्तर देशपातळीचा गुणांक देऊ शकत नाही. एका शेतात तीन टक्के, दुसऱ्यात तीस, हे दोन्ही खरं असू शकतं. लाखो शेतं एकत्र घेतली की कमी-जास्त एकमेकांत फिटतं आणि एकूण अंदाज एका शेताच्या अंदाजापेक्षा बराच भरवशाचा होतो. पण गुणांकच मुळात एका बाजूला झुकलेला असेल, उदाहरणार्थ थंड प्रदेशात काढलेला गुणांक उष्ण प्रदेशात वापरला असेल, तर ती चूक कितीही शेतं जोडली तरी फिटत नाही. ती सगळ्या बेरजेत तशीच उतरते.

वर्षागणिक होणारा बदल हा एकूण आकड्यापेक्षा जास्त विश्वासार्ह असतो. काटा किलोमागे शंभर ग्रॅम चुकीचं दाखवत असला तरी वजन वाढलं की घटलं हे तो बरोबर सांगतो. गॉथेनबर्ग करारात, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या हवाप्रदूषणावर १९९९ साली झालेल्या आणि २०१२ मध्ये सुधारलेल्या करारात, देशांनी अमोनियासाठी मर्यादा मान्य केल्या. सुधारित करारात त्या २००५ च्या तुलनेत किती टक्के कपात, अशा मांडल्या आहेत. त्यामागे हाही एक शहाणपणा आहे. अट एकच, की मध्येच रीत बदलली तर मागची सगळी वर्षं नव्या रीतीने पुन्हा मोजायची. तसं केलं नाही तर हिशोबाची सुधारणा प्रदूषणातली वाढ किंवा घट म्हणून दिसते.

आणि वर्षाचा एकच आकडा पुष्कळ काही लपवतो. मार्च २०१४ मध्ये पॅरिसमध्ये हवा इतकी बिघडली की काही काळ गाड्यांना सम-विषम क्रमांकाचा नियम लावावा लागला. त्या हवेतल्या बारीक कणांत अमोनियम नायट्रेटचा मोठा वाटा होता. वाहनांतून आलेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वसंतातल्या खतांच्या हंगामात शेतांतून आलेला अमोनिया यांच्या संयोगातून ते बनलं होतं. वर्षभराची सरासरी पाहून असा आठवडा कुणालाच आधी ओळखता आला नसता. म्हणून खत कधी टाकलं जातं याच्या तारखा हिशोबात येणं, हवेचा अंदाज वर्तवणाऱ्यांसाठी एकूण टनांइतकंच मोलाचं आहे.

## उडालेलं नत्र शेवटी जमिनीवरच पडतं ना?

पडतं, पण हवं तिथे नाही. काही भाग जवळच्या शेतावर उतरतो आणि पिकाच्या उपयोगी पडतो, हे खरंच आहे. उरलेला जंगलांवर, गवताळ रानांवर, तळ्यांवर पडतो. तिथल्या वनस्पती कमी नत्रात जगायला सरावलेल्या असतात. नत्र वाढलं की भराभर वाढणाऱ्या मोजक्या जाती बाकीच्यांना झाकोळून टाकतात. दगडफुलासारख्या नाजूक सजीवांसाठी तर हवेत वार्षिक सरासरी एक घनमीटरला एक मायक्रोग्रॅम अमोनिया, एवढीच मर्यादा युरोपात धरली जाते. पडलेल्या नत्राचं पुढे मातीत नायट्रेट होताना आम्लही तयार होतं. आणि त्याचा एक छोटा भाग, हिशोबात साधारण एक टक्का धरतात, नायट्रस ऑक्साइड बनतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट तापमानवाढ करणारा वायू आहे. अमोनिया स्वतः हरितगृह वायू नसूनही आयपीसीसीच्या मार्गदर्शिकेत त्याचा गुणांक का आहे, त्याचं कारण हे.

उरला बारीक कणांचा प्रश्न. गंधक आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडपासून बनलेली आम्लं अमोनियाशी जुळली की २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण तयार होतात, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. वायुरूपातला अमोनिया स्रोताजवळ उतरतो, पण कण झाल्यावर तो शेकडो किलोमीटर जातो आणि फुप्फुसांत खोलवर शिरतो.

## सेंद्रिय खत वापरलं की प्रश्न सुटतो का?

या एका मुद्द्यापुरता तरी नाही. शेणखत, कोंबडीखत, मूत्रमिश्रित शेणकाला यांतही अमोनियम असतं आणि त्यातलाही मोठा भाग उडतो. जनावरांच्या मूत्रातही युरियाच असतो आणि तो त्याच युरिएजने फुटतो. युरोपात तर शेतीतल्या अमोनियाचा मोठा वाटा पशुधनाच्या मलमूत्रातून येतो, रासायनिक खतांचा त्यानंतर. शेणखताचे मातीला होणारे इतर फायदे आहेतच, त्यांवर मला शंका नाही. पण तेही पसरून उन्हात सोडलं तर नत्र जाणारच, आणि लगेच मातीत मिसळलं तर राहणार.

## हिशोब सुधारायचा तर विचारायचं काय

जर्मनीने २०२० पासून नियम केला, की युरिया वापरायचा तर त्यात युरिएजला रोखणारं द्रव्य हवं, नाहीतर टाकल्यापासून चार तासांत तो मातीआड व्हायला हवा. नियम कडक आहे, पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. एकदा असा नियम झाला की किती युरिया द्रव्य घातलेला विकला गेला आणि किती मातीआड झाला, याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि त्या नोंदींवर देशाचा गुणांक बदलता येतो.

नियम असो वा नसो, ज्या देशांत शेतीची नमुना पाहणी होते तिथे खताबद्दलचा प्रश्न बहुधा ‘कोणतं खत, किती मात्रा’ एवढ्यावर थांबतो. त्याला चार प्रश्न जोडले तरी पहिल्या पायरीवरचा हिशोब पुढे सरकू शकतो. खत कोणत्या आठवड्यात टाकलं? फोकून दिलं की पेरून? मातीआड केलं असल्यास किती तासांत? आणि त्यानंतर पाणी कधी व किती दिलं? याला महागडं यंत्र लागत नाही. शेतकऱ्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात, आणि गुणांकातली ०.०३ ते ०.४३ ही दरी मुख्यतः याच उत्तरांनी, जमिनीच्या सामूने आणि त्या दिवसाच्या हवेने तयार होते. सामूचे नकाशे आणि हवामानाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी आधीच तयार आहेत. त्यांच्या शेजारी ठेवायला शेतकऱ्याची ही चार उत्तरं तेवढी कमी आहेत.